बेसिक कोर्सला मेमध्ये जाऊ, की आधी सह्याद्रीत अजून एक हिवाळा?

पायवाट
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एसवाय बीएस्सीला आहे, जिओलॉजी. गेल्या पावसाळ्यापासून कॉलेजच्या गिर्यारोहण ग्रुपबरोबर डोंगरात जातेय. आधी नुसते ट्रेक, मग दिवाळीनंतर प्रस्तरारोहणाचं शिबिर, त्यात गाठी, बिले (चढणाऱ्याचा दोर खालून-वरून सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून उतरणं) सगळं झालं, आणि मग डिसेंबर-जानेवारीत सीनियर लोकांबरोबर तैलबैलाच्या भिंतीवर आणि नागफणीला सेकंड म्हणून चढायला मिळालं. म्हणजे लीडर आधी वर जातो, आणि आपण मागून वरच्या दोरावर त्याने लावलेलं सामान काढत काढत जातो. वर्गात जो बेसॉल्ट शिकवतात त्याच्या खोबणीत बोटं घालून लटकायला काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही मला. दोन लाव्हा थरांच्या मधला तो लाल मातकट पट्टा पुस्तकात एक रेघ असतो, तिथे मात्र पाय ठेवला की मुरूम सुटतो.

तर प्रश्न असा की उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगच्या (निम) बेसिक कोर्सला मेच्या बॅचमध्ये जागा मिळतेय, २८ दिवसांचा कोर्स, परीक्षा त्याच्या आधी संपते. ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो आत्ता जा, सुट्टी आहे, वय आहे. दुसरा म्हणतो की बेसिकला ए ग्रेड नाही मिळाली तर ॲडव्हान्सचं दार बंद, त्यामुळे अजून एक हिवाळा इथे घाल आणि पक्की होऊन जा. आणि आई म्हणते की दोन्ही नको, तिला २०२२ची हिमस्खलनाची बातमी आठवते. तुमच्यापैकी ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा ना, कशाच्या आधी काय?

घाटमाथा
जा. मी बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्ही निमला केलंय. तुझं कॉलेजचं वय आणि मोकळी सुट्टी एकत्र परत येणार नाही, नोकरी लागली की २८ दिवसांची सलग रजा कोण देतं? तू शिबिर करून दोन ठिकाणी सेकंड चढलीयस, माझ्या बॅचला निम्म्या पोरांनी हार्नेस पहिल्यांदाच बघितला होता.

कोर्सची रचना सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहिला आठवडा उत्तरकाशीत. सकाळी पीटी, मग सामान वाटप, मग रोज पाठीवर सॅक घेऊन तेखलापर्यंत चालत जायचं, तिथे रॉक क्राफ्ट, म्हणजे कातळचढाईचं शिक्षण. मुलामुलींचे छोटे गट करतात, गटाला रोप म्हणतात, आणि पुढचा महिना तुझी रोप हेच तुझं कुटुंब. मग भुक्कीपर्यंत गाडी, तिथून तेल, गुज्जर हट असे मुक्काम करत डोकरानी बामक या हिमनदीजवळच्या बेस कॅम्पला. तिथे स्नो क्राफ्ट आणि आइस क्राफ्ट, शेवटी हाइट गेन, म्हणजे ठराविक उंचीपर्यंत जाऊन परत यायचं. सगळा जीव त्या सॅकमध्ये असतो. चढाईपेक्षा वजन घेऊन चालणं जास्त लोकांना जड जातं.

कातळवेडा
मी दुसऱ्या तटात. पायवाट, तुझं वाचून छान वाटलं, पण घाई करू नकोस.

कारण सांगतो. कोर्सवर कातळासाठी जेमतेम आठवडा मिळतो. एका इन्स्ट्रक्टरमागे रोपभर पोरं, प्रत्येकाला दिवसात दोनतीन वेळा चढायला मिळालं तर नशीब. ज्याचे हात दोराला आधीच सरावलेत तो त्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरच्या हालचाली बघू शकतो, बाकीचे गाठीतच अडकलेले असतात. तू एक हिवाळा केलास, चांगलं केलास, पण पहिल्या हिवाळ्यात माणूस फक्त चढायला शिकतो. दुसऱ्या हिवाळ्यात बिले द्यायला शिकतो, म्हणजे चार तास उन्हात एका जागी उभं राहून वरच्या माणसाचा दोर हातात जिवंत ठेवायला. गिर्यारोहणातली सगळ्यात मोठी जबाबदारी ती. आणि हे शिकवायला सह्याद्रीसारखी जागा नाही, कारण इथला कातळ कधीच पूर्ण भरवशाचा नसतो. गवताची ढेकळं, घसारा, हातात येणारे होल्ड. वरच्याने "दगड!" म्हटलं की वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं, हे अंगात मुरायला वेळ लागतो.

चहाबाज
दोन्ही बाजू पटल्या. आता तिसरा येईल आणि म्हणेल स्कीइंग कर.

रानजाई
@चहाबाज, मी तेच म्हणणार होते :) गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेचे दोन आठवड्यांचे स्कीचे कोर्स हिवाळ्यात असतात आणि मनालीची संस्था सोलंगला घेते. बर्फाशी पहिली ओळख म्हणून सुंदर आहे. पण पायवाटचा प्रश्न तो नाही, त्यामुळे मूळ मुद्द्यावर येते.

मी दार्जिलिंगला एचएमआयमध्ये (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट) बेसिक केलं. तेनसिंग-हिलरींच्या १९५३च्या एव्हरेस्ट चढाईनंतर साधारण दीड वर्षाने, नोव्हेंबर १९५४मध्ये ही संस्था सुरू झाली, आणि तेनसिंग स्वतः तिथले पहिले फील्ड ट्रेनिंगचे संचालक होते. त्यांची समाधी आवारातच आहे, सकाळी पीटीला तिच्याजवळून जाताना अंगावर काटा यायचा. कातळाचा सराव तेनसिंग रॉक आणि गोम्बू रॉकवर, मग सिक्कीममध्ये युक्सोम, छोका, झोंगरी करत चौरीखांगला बेस कॅम्प, १४,६०० फुटांवर. बुरांशाच्या जंगलातून चालत जाणं हे सुख निराळंच आहे.

आत्ता की नंतर याबद्दल मी घाटमाथाच्या बाजूने. बर्फ सह्याद्रीत शिकता येत नाही. कुऱ्हाड हातात धरून उतारावर घसरायचं आणि छातीचा भार टाकून स्वतःला थांबवायचं, याला सेल्फ अरेस्ट म्हणतात, हे इथे कितीही हिवाळे घालवले तरी येणार नाही.

फिरस्ता_७
एक वेगळं मत. कोर्स कशाला पाहिजे मुळात? मी एकही कोर्स न करता कंपन्यांबरोबर हिमालयात बरेच ट्रेक केलेत, उंचीवरचेही. गाइड असतो, शेर्पा असतात, दोर लावलेला असतो. सर्टिफिकेट भिंतीवर लावायला. त्या पैशात दोन चांगले ट्रेक होतात.

मुंब्रा_लोकल
@फिरस्ता_७, असहमत. दोर लावलेला असतो हे बरोबर, पण तो कोणी लावला, कशाला लावला, तुम्ही त्यात जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) घातलाय तो नीट बसलाय का, हे बघणारं तुमच्याशिवाय कोणी नसतं. शेर्पा पुढे वीस लोकांना बघत असतो. वातावरण बिघडल्यावर गाइड "चला" म्हणाला आणि तुम्हाला आतून वाटतंय "नको", तर ते वाटणं बरोबर आहे की नुसती भीती आहे हे ओळखायची अक्कल कोर्सने येते. फक्त कोर्सनेच येते असं म्हणत नाही, पण सुरुवात तिथे होते.

आणि पैशांचं म्हणाल तर या सरकारी संस्थांमध्ये भारतीय मुलांना फी पुष्कळ सवलतीची असते, त्यात राहणं, जेवण, सामान, शिकवणं सगळं आलं. फेदर जॅकेट, स्लीपिंग बॅग, स्नो बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे टोकदार खिळे) हे सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर विद्यार्थ्याने काय करायचं?

लेकुरवाळी
मी गिर्यारोहक नाही, पण माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी कोर्सला जाऊन आला म्हणून पायवाटच्या आईसाठी लिहिते.

बाळा, आईला "काही होत नाही गं" असं सांगू नकोस. आम्हाला कळतं की काहीतरी होऊ शकतं. माझ्या मुलाने मला समोर बसवून सगळा कोर्स कागदावर काढून दाखवला, कुठल्या दिवशी कुठे असेल, कुठपर्यंत फोन लागेल, कुठून पुढे लागणार नाही, बरोबर डॉक्टर असतो का, परतीचा दिवस कुठला. फोन न लागण्याचे दिवस आधी माहीत असले की त्या दिवशी काळजी वाटते पण भीती वाटत नाही. आणि २०२२च्या बातमीबद्दल तिला खरं सांग. काय झालं होतं ते कोणी नीट सांगेल का? मलाही अर्धवटच माहीत आहे.

घाटमाथा
सांगतो ताई. ४ ऑक्टोबर २०२२. निमच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखराकडे सकाळी चढत होती, वरच्या भागात हिमस्खलन झालं. २७ मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. त्यात प्रशिक्षणार्थी होते आणि इन्स्ट्रक्टरही. सविता कंसवाल त्यातच गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. आमच्यापैकी ज्यांनी त्या संस्थेत पाऊल ठेवलंय त्या प्रत्येकाच्या घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

बेसिकमध्ये शिखर नसतं, हाइट गेन असतो, म्हणजे सरावाच्या हिमनदीवरून ठराविक उंचीपर्यंत जाऊन यायचं. त्यामुळे धोका कमी, पण शून्य नाही, आणि पायवाटने हे घरी असंच सांगावं.

कॅलगरीकर
हिमस्खलनाचा विषय निघाला म्हणून. मी मूळचा नाशिकचा, इथे रॉकीजजवळ राहतो. इथे कोणीही हिवाळ्यात डोंगरात जाणारा माणूस आधी ॲव्हलांच स्किल्स ट्रेनिंगचा पहिला कोर्स करतो, अगदी हौशी स्कीवालासुद्धा. अंगावर ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं सिग्नल यंत्र), सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, हे तिन्ही प्रत्येकाकडे. कारण गाडल्या गेलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासात चित्र पालटलेलं असतं. बाहेरून मदत येईपर्यंत उशीर होतो, शोधायचं सोबत्यांनीच.

पण सगळ्यात महत्त्वाचं शिकवतात ते उतार वाचायला. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात धोक्याचा. त्याहून सपाट असेल तर बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून उभा असेल तर साठतच नाही. ताजा बर्फ, त्यावर वारा, मग ऊन, हे एकत्र आलं की थांबायचं. पायवाट, तू जिओलॉजीची आहेस, बर्फाचे थर तुला माझ्यापेक्षा लवकर समजतील, कठीण थराखाली ठिसूळ थर असला की काय होतं ते तुला सांगायला नको. कोर्सवर इन्स्ट्रक्टरला याबद्दल खोदून खोदून विचार.

पायवाट
@कॅलगरीकर काका, हे फार उपयोगी आहे, उतारांचं मला माहीतच नव्हतं. @लेकुरवाळी ताई, कागदाची कल्पना आजच करते.

कातळवेडा दादा, तुमचा मुद्दा डोक्यात घोळतोय. बिलेचं म्हणताय ते खरंय, मी बिले देताना अजून बाजूला सीनियर उभा असतो.

चहाबाज
सह्याद्रीचा हिवाळा म्हटलं की मला एकच आठवतं. जीवधनच्या पायथ्याला पहाटे चुलीवरचा चहा, समोर वानरलिंगी, आणि "आज वर मोहोळ तर नाही ना" हा प्रश्न.

कातळवेडा
@चहाबाज, तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि तू काढलास ते बरं झालं. थोडं अवांतर होईल पण नवीन लोक वाचतायत म्हणून लिहितो.

आपल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. दोरावर मधोमध लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते, म्हणून सह्याद्रीत दगडाइतकीच माशांची धास्ती बाळगायची. आदल्या दिवशी दुर्बिणीने भिंत बघायची, गावातल्या माणसाला विचारायचं, त्याला कुठल्या कपारीत मोहोळ लागलंय ते माहीत असतं. पायथ्याला धूर करायचा नाही, डिओ-परफ्यूम लावायचा नाही, आरडाओरडा नाही. मोहोळ दिसलं की त्या दिवशीची चढाई रद्द, चर्चा नाही. आमच्या ग्रुपमध्ये गाडीभाडं खर्च करून गेलेली माणसं नुसतं पिठलं-भाकरी खाऊन परत आलीयत आणि कोणी कुरकूर केली नाही.

रस्सीखेच
प्रश्न: रॅपलिंगला वापरतो तो दोर आणि लीड चढायचा दोर वेगळा का असतो? आमच्या गावाकडे एकजण रॅपलिंगच्याच दोरावर पोरांना लीड करायला लावतो.

मुंब्रा_लोकल
त्याला आधी थांबवा, मग उत्तर वाचा.

लीडचा दोर डायनॅमिक असतो, ताणला जातो. लीडर पडला की तो दोर लांबतो आणि झटका पोटात घेतो. यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चाचणीत ८० किलोचं वजन अतिशय वाईट पद्धतीने पाडतात आणि पहिल्या पडण्यात झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो, शिवाय असं किमान पाच वेळा पडून दोर टिकावा लागतो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर जवळपास ताणतच नाही, उतरताना ते बरं, वरखाली झुलायला होत नाही. पण त्यावर लीडर पडला तर सगळा झटका त्याच्या कमरेत, अँकरमध्ये (दोर कातळाला अडकवलेल्या जागेत) आणि बिले देणाऱ्यात. दोर तुटला नाही तरी माणूस तुटतो.

आणि महाराष्ट्रात २०२१पासून साहसी पर्यटनाचं शासनाचं धोरण आहे, पोरांना पैसे घेऊन दोरावर चढवणाऱ्याने नोंदणी केलेली हवी. गावात विचारा त्याला.

रस्सीखेच
धन्यवाद, हे छापून नेतो.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून दोन शब्द, कारण कोणीच उंचीच्या आजाराबद्दल लिहिलं नाही.

५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. बेसिकचा कॅम्प त्याच्या बराच खाली, पण पुण्याहून गेलेल्या शरीराला तेवढंही पुरतं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. ती लपवायची नाही. मुलं ग्रेड जाईल म्हणून लपवतात, हे मी ऐकलंय आणि याची मला फार काळजी वाटते. पायवाट, हे नीट वाच: सपाटीवर बसलेलं असताना धाप लागत असेल, खोकला वाढत असेल किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल तर तो फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होण्याचा इशारा, त्यावर पहिला उपाय खाली उतरणं, आणि लगेच. ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस, सल्फाची ॲलर्जी असेल तर सांग. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं साधारण मानतात. कोर्सचे टप्पे मुक्काम करत करत नेतात ते उगीच नाही.

जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. मुलींमध्ये कमी निघतं आणि वर गेल्यावर ते जाणवतं. आत्ता तपासलंस तर सुधारायला वेळ आहे.

रानजाई
नाडीपरीक्षांना अनुमोदन. मुलींसाठी अजून एक, कारण हे कोणी सांगत नाही. श्रमाने आणि उंचीने पाळी मागेपुढे होऊ शकते, त्यामुळे तारीख नसली तरी सामान बरोबर ठेव. वापरलेलं सगळं झिपच्या पिशवीत घालून परत खाली आणायचं, हिमनदीवर काहीही टाकायचं नाही. संकोच न करता इन्स्ट्रक्टरला सांग, माझ्या अनुभवात त्या लोकांना याचं काही नवल नसतं. आणि वरच्या थंडीत ओले मोजे घालून झोपू नकोस, एक लोकरी जोड फक्त झोपायला.

घाटमाथा
तयारीचं लिहायचं राहिलं होतं. पाच किलोमीटर न थांबता अर्ध्या तासात पळता आलं पाहिजे, हे माझं मोजमाप, संस्थेचं नाही. आठवड्यातून दोनदा सिंहगड, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. १० किलोपासून सुरू कर, १५ पर्यंत ने. वर पोचलीस की पाणी झाडांना घाल आणि रिकामी सॅक घेऊन उतर, गुडघे वाचतात. बूट आत्ताच घे आणि रोज घालून फीर.

फिरस्ता_७
परत आलो. मुंब्रा_लोकल आणि डॉक्टरांचं वाचून माझं मत थोडं हललं हे मान्य. पण एक टोचतंय: ग्रेड. ज्या पद्धतीत पोरं ग्रेडसाठी डोकेदुखी लपवतात ती पद्धत बरोबर कशी? डोंगरात शाळेसारखे मार्क आणायचेच कशाला?

कातळवेडा
@फिरस्ता_७, या प्रश्नावर तुमच्याशी पूर्ण सहमत व्हायला मला आवडलं असतं, पण अर्धाच होतो. ॲडव्हान्सला कोणाला न्यायचं याची चाळणी लागतेच. तिथे शिखर असतं, तिथे एकाच्या कच्चेपणाने दुसऱ्याचा जीव जातो. ग्रेड नसेल तर चाळणी कशाची लावणार? पण पोरांनी ग्रेड हेच शिखर धरलंय, आणि त्याला आम्ही क्लबवाले जबाबदार आहोत. कोर्स करून आलेल्याला आम्ही पहिला प्रश्न "ए मिळाला का?" हाच विचारतो. रोपमध्ये कोण होतं, मागे कोण पडायचं, त्याची सॅक कोणी घेतली, असं कोणी विचारत नाही.

म्हणूनच पायवाटला म्हणत होतो की आणखी एक हिवाळा कर. चढाईसाठी नाही. ग्रेडची भूक जरा निवावी म्हणून.

रानजाई
कातळवेडा, हे आधी लिहायचं ना! या कारणासाठी मी तुमच्या बाजूला यायला तयार आहे, फक्त हिवाळा नंतर केला तरी चालेल असं माझं मत. बर्फावरून आलेली मुलगी कातळावर जास्त शांतपणे उभी राहते.

पायवाट
सगळं वाचलं, बाबांनीही वाचलं, आईला मी वाचून दाखवलं. लेकुरवाळी ताईंच्या कागदावर आईने स्वतः पेनाने फोन न लागण्याचे दिवस अधोरेखित केले. मी जातेय. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू केल्यात. आल्यावर लिहीन.

चहाबाज
शुभेच्छा! वर चहा कसा मिळतो ते नक्की लिही.

पायवाट
धागा वर काढतेय, कारण लिहीन म्हणाले होते. परत येऊन बरेच दिवस झाले, पण कॉलेज सुरू झालं त्यात राहिलं.

आधी चहाबाज दादांसाठी: चहा मगमध्ये भरभरून मिळतो, गोड असतो, आणि ग्लव्ह घातलेल्या दोन्ही हातांनी मग धरून प्यायलेला तो चहा मी जन्मात विसरणार नाही. बेस कॅम्पला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-राजमा सगळं कुकरमध्येच.

घाटमाथा दादा म्हणाले तसंच, सॅकच सगळं आहे. भुक्कीहून निघाल्यावरचा पहिला चढ संपता संपत नाही. आमच्या रोपमध्ये मणिपूरची, राजस्थानची, केरळची मुलं होती, आर्मीतून आलेला एकजण होता. कातळाच्या आठवड्यात मला खरंच सोपं गेलं, दादा तुमचं म्हणणं तिथे पटलं, कारण मला इन्स्ट्रक्टरचे पाय बघायला वेळ मिळत होता. तिथला दगड आपल्या बेसॉल्टसारखा नाही, खोबण्या वेगळ्या, पण शिस्त तीच. सेल्फ अरेस्ट मात्र रानजाई ताई म्हणाल्या तसं इथे कल्पनेतही शिकता आलं नसतं. पहिल्यांदा उतारावर पाठीवर, मग डोकं खाली करून घसरायला लावतात, आणि कुऱ्हाड बर्फात रुतते तेव्हा खांद्यातून जो हिसका येतो त्यानंतर माणूस त्या हत्याराकडे वेगळ्या नजरेने बघतो.

हाइट गेनच्या दिवशी अंधारात निघालो. काही तासांनी ढग खाली आले आणि हलका बर्फ सुरू झाला. पुढचे इन्स्ट्रक्टर थांबले, आपसात काही मिनिटं बोलले, आणि सगळ्या तुकडीला फिरवलं. ठरलेली उंची झाली नाही. आमच्यातले काही जण फार नाराज झाले, एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कॅलगरीकर काकांचं ताजा बर्फ, वारा आणि ऊन हे आठवत होतं, आणि दुपारी मी इन्स्ट्रक्टरना विचारलं की का फिरवलं. त्यांनी मला तंबूबाहेर नेऊन उतार दाखवला, कुठे साठलाय, वारा कुठून होता, आणि उद्या सकाळी ऊन आलं की तिथे काय होईल. दुसऱ्या दिवशी आम्ही आवराआवर करताना त्याच बाजूने आवाज आला. मोठं काही नव्हतं, पण सगळे गप्प झालो.

@नाडीपरीक्षा, आमच्या रोपमधल्या एका मुलीने डोकेदुखी दीड दिवस लपवली होती. तिने मला रात्री सांगितलं, मी तिच्याशी थोडी भांडले आणि मग आम्ही दोघी मिळून इन्स्ट्रक्टरकडे गेलो. तिला एक कॅम्प खाली पाठवलं, बरी होऊन ती परत वर आली आणि तिचा कोर्स पूर्णही झाला. तुम्ही लिहिलेलं वाचलं नसतं तर मी कदाचित तिला नुसती गोळी दिली असती.

ग्रेडबद्दल इथे एवढी चर्चा झाली म्हणून सांगते, ए मिळाली. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण ॲडव्हान्सला पुढच्याच मोसमात जायचं नाही असं ठरवलंय. या हिवाळ्यात कॉलेजच्या शिबिरात नवीन मुलांना बिले शिकवायला मदत करणार आहे, आणि बाजूला सीनियर न ठेवता बिले देता यावी अशी माझी इच्छा आहे. त्यानंतर बघू.

कातळवेडा
तुझी ती रोपमेट कोण, कुठली, काहीही विचारत नाही. तिला घेऊन इन्स्ट्रक्टरकडे गेलीस एवढं पुरे. दिवाळीनंतर तैलबैलाचा बेत आहे, मी लीडला असेन, माझा बिले तू दे. सामान आदल्या संध्याकाळी तपासायचं आहे, तेव्हा शनिवारी लवकर ये.

लेकुरवाळी
आई कशा आहेत? त्यांना म्हणावं माझा मुलगा आता ॲडव्हान्सला निघालाय, मला त्यांच्याशी बोलायचं आहे, धीर त्यांच्याकडून घ्यायचाय या वेळी.

नवखा_सांगली
सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी बारावी झालोय, सांगलीचा, जवळपास कुठला क्लाइंबिंगचा ग्रुप माहीत नाही, ट्रेक फक्त मित्रांबरोबर केलेत. ऑक्टोबरच्या बॅचला थेट गेलो तर चालेल का? आणि मेडिकल कोणाकडून करायचं?

पायवाट
@नवखा_सांगली, थेट जाता येतं, आमच्या बॅचला कधीच न चढलेली मुलं होती आणि त्यातल्या काहींनी छान केलं. वयाची अट आणि मेडिकलचा फॉर्म संस्थेच्या साइटवर असतो, तोच फॉर्म डॉक्टरकडून भरून, सही-शिक्का घेऊन न्यायचा. जागा फार लवकर भरतात, ऑक्टोबरसाठी आत्ताच बघ, नाहीतर दार्जिलिंग आणि मनालीच्या तारखाही तपास. ऑक्टोबरला वर मेपेक्षा थंडी जास्त असते, आतले गरम कपडे दोन जोड घे. पळायला आजपासून सुरुवात कर. आणि आठ आकड्याची गाठ, बोलाइन आणि क्लोव्ह हिच या तीन गाठी दोरीचा तुकडा घेऊन डोळे मिटून मारता येईपर्यंत घरीच सराव कर, तेवढं केलंस तरी पहिल्या आठवड्यात तुझे हात मोकळे राहतील.